सबब अर्ज मंजूर व्हावा

नोकरी करणाऱ्या मनुष्यावर एकाच वेळी दोघांचा अंमल चालतो. एक वर आकाशात बसलेला असतो आणि दुसरा कचेरीच्या वरच्या मजल्यावर. या दोघांच्या हुकुमांत सहसा विरोध उत्पन्न होत नाही, कारण पहिला फारसे बोलत नाही आणि दुसरा फारसे ऐकत नाही. परंतु पहिल्याने जी गोष्ट निषिद्ध ठरविली आहे तीच दुसरा एखाद्या परिपत्रकाने अनिवार्य करतो, तेव्हा परलोक सांभाळावा तर पगार जातो आणि पगार सांभाळावा तर परलोक जातो, अशा पेचात सापडलेल्या त्या जीवाला कोठेतरी सवलत मागणे भाग पडते. देवाकडून सवलत मिळविण्यासाठी नवस, प्रायश्चित्त, ब्राह्मणभोजन असे पुष्कळ मार्ग शास्त्राने खुले ठेवले आहेत. देवाच्या नावाने साहेबाकडून सवलत कशी मिळवावी, याविषयी मात्र शास्त्र मौन धारण करून बसले आहे. ही उणीव मनुष्यजातीने आपापल्या परीने भरून काढली असून तीत आज दोन संप्रदाय स्पष्ट दिसतात. एक तोंडी, दुसरा लेखी.

तोंडी संप्रदायाचे आद्यपीठ आपला देश होय. आपल्याकडे कचेरीच्या नियमांतून धर्माच्या कारणास्तव सूट हवी असेल तर मनुष्य ती मागत नाही, घेतो. आणि घेतल्यावर तिला धर्माचे नाव देत नाही. आत्म्याच्या सर्व अडचणी शरीराच्या खात्यावर मांडण्याची आपली जुनी वहिवाट आहे. सर्वपित्री अमावास्येला नव्या जागी रुजू होण्याचा हुकूम आला की चांगल्या धट्ट्याकट्ट्या अधिकाऱ्याची प्रकृती अकस्मात बिघडते आणि घटस्थापनेला आपोआप सुधारते. ज्येष्ठ वद्य पक्ष लागला की कित्येक भाविक कारकुनांच्या कमरेत दरसाल न चुकता उसण भरते, डॉक्टर पूर्ण विश्रांतीचा दाखला देतात, आणि ती कमर आळंदीपासून पंढरपुरापर्यंत अडीचशे किलोमीटर चालून गेल्याखेरीज बरी होत नाही. दाखला देणाऱ्याला हे ठाऊक असते, रजा मंजूर करणाऱ्याला ठाऊक असते, आणि परत आल्यावर बुक्क्याचा टिळा लावून प्रसादाचे चुरमुरे टेबलोटेबली वाटले जातात, तेव्हा ‘कमर कशी आहे?’ असे विचारण्याइतका असंस्कृत मनुष्य अद्याप सरकारी सेवेत भरती झालेला नाही.

या संप्रदायाची कार्यपद्धती किती सूक्ष्म आहे, ते माझ्या परिचयाच्या एका जिल्हा कचेरीतील प्रसंगावरून ध्यानात यावे. बदलून आलेले एक अधिकारी शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या ठोक्याला कचेरीच्या दारात उतरले. शुक्रवारचा राहुकाल साडेदहा ते बारा, हे पंचांग सांगत होते. आणि तो दिवस पदरात पडायचा असेल तर रुजू अहवालावर ‘मध्यान्हपूर्व’ अशी नोंद हवी, हे नियम सांगत होता. बारापूर्वी सही करावी तर राहूचा कोप, बारानंतर करावी तर लेखा शाखेचा. आणि या दोहोंपैकी राहूला शांती असते, लेखा शाखेला नसते. साहेब आपल्या दालनात शिरलेच नाहीत. ते आस्थापना शाखेत बाकावर बसले, चहा झाला, पावसापाण्याची चौकशी झाली, पुन्हा चहा झाला, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे चोरून पाहणाऱ्या साहेबांची घालमेल ओळखून केस पांढरे झालेले बडे कारकून मान वर न करता म्हणाले, “बसा साहेब, घाई कसली? भिंतीवरचं घड्याळ आमच्याकडं पहिल्यापासून मागंच असतं.” यथाकाल साहेबांच्या मनगटावर बारा वाजून दोन मिनिटे झाली आणि राहू उठून गेला, भिंतीवर त्या वेळी पावणेबाराच झाले होते. सही झाली, ‘मध्यान्हपूर्व’ हा शब्द सुवाच्य अक्षरात लिहिला गेला, शास्त्राची आणि सेवानियमांची अब्रू एकदमच राखली गेली. आणि या सर्व व्यवहारात देवाचे, ग्रहाचे अथवा धर्माचे नाव कोणी एकदाही उच्चारले नाही.

लेखी संप्रदायाची गादी अमेरिकेत आहे. तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धर्माच्या कारणावरून नोकराशी भेदभाव करण्यास मनाई केली, आणि १९७२ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, नोकराच्या धर्माचरणासाठी मालकाने वाजवी सोय करून दिली पाहिजे. मात्र त्यामुळे मालकाच्या धंद्याला अवाजवी अडचण होता कामा नये. वाक्य दिसायला सोपे आहे. परंतु सोय हवी म्हटली म्हणजे ती मागितली पाहिजे, मागायची तर अर्ज केला पाहिजे, अर्ज आला म्हणजे तो तपासणारा कोणीतरी नेमला पाहिजे. आणि अशा रीतीने ज्या प्रश्नावर ऋषी, पैगंबर आणि संत यांनी आयुष्ये वेचली तो प्रश्न अखेर कर्मचारी विभागात, विहित नमुन्यात, अमुक तारखेच्या आत सादर होऊ लागला. नमुन्यात रकाने असतात. आपली श्रद्धा कोणती? ती केव्हापासून आहे? सदर नियमाने तिला बाध कसा येतो? ज्या कारकुनाने आदल्या आठवड्यात प्रवासभत्त्याची बिले तपासली, तोच या आठवड्यात अर्जदाराच्या अंतरात्म्याची बिले तपासतो.

आता कोणी म्हणेल की, यात कठीण ते काय? धर्मग्रंथ उघडावा, धर्मगुरूला विचारावे आणि निकाल द्यावा. पण तेथील न्यायालयांनी हा राजमार्ग फार पूर्वीच बंद करून टाकला आहे. इंडियाना राज्यातील एका ओतकारखान्यात यहोवाच्या साक्षीदारांपैकी एक कामगार पोलादी पत्रे तयार करीत असे. ते खाते बंद झाले आणि त्याची रवानगी रणगाड्याचे बुरूज बनविणाऱ्या खात्यात झाली. युद्धसामग्री करणे माझ्या धर्मात बसत नाही, असे म्हणून त्याने नोकरी सोडली. त्याच कारखान्यात त्याच पंथाचा दुसरा एक गृहस्थ होता. त्याला मात्र बुरूज बनविण्यात काही वावगे दिसत नव्हते. पहिल्याचे म्हणणे असे की, पोलादाचे पुढे जगात काहीही होवो, त्याचे मला सोयरसुतक नाही. पण बुरूज तो बुरूजच. बेकारी भत्त्यासाठी हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८१ साली न्यायालयाने सांगितले की, त्याने एक रेघ ओढली आहे, ती ओढण्याचा अधिकार त्याचा आहे, ती वाकडी आहे की सरळ हे पाहणे आमचे काम नव्हे, आणि धर्मवचनांचा अर्थ लावण्यास न्यायाधीश मुळी पात्रच नाहीत. न्यायाधीशांच्या तोंडून आपल्या अपात्रतेची कबुली निघणे ही घटना कोणत्याही देशाच्या न्यायेतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

अशा निवाड्यांचा इत्यर्थ असा की, श्रद्धा खरी आहे काय हे विचारायचे नाही. ती खरोखरीची आहे काय एवढेच विचारायचे. देव अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न कक्षेबाहेरचा. अर्जदाराला तसे मनापासून वाटते की नाही, हा कक्षेतला. कोविडच्या काळात याचे मोठे मौजेचे परिणाम पाहावयास मिळाले. २०२१ साली अनेक मालकांनी लस सक्तीची करताच धार्मिक सूट मागणाऱ्या अर्जांना ऊत आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांनी, लस घेणे हे प्रेमाचे कृत्य आहे, असे जाहीर आवाहन केले होते. तरीही एखादा कॅथलिक अर्जदार, माझा धर्म लशीच्या आड येतो, असे मनापासून म्हणू लागला, तर पोप काय म्हणतात एवढ्यावर त्याचा अर्ज निकालात काढता येत नव्हता. कारण अर्ज पोपचा नव्हता.

पुष्कळांचा आक्षेप असा होता की, लशींच्या निर्मितीत अथवा चाचणीत जी पेशीकुळे वापरली गेली, ती काही दशकांपूर्वी गर्भपात केलेल्या गर्भापासून घेतलेली होती. आक्षेप गंभीर होता आणि तो मनापासून बाळगणारे लोकही होते. परंतु आर्कान्सा राज्यातील कॉनवे रीजनल या रुग्णालयाच्या चालकांना अर्जांची संख्या पाहून कुतूहल वाटले आणि त्यांनी अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्रक जोडले. त्यात म्हटले होते की, अशाच पेशीकुळांचा संबंध पुढील औषधांशीही आलेला आहे, सबब आपण ती घेत नाही आणि यापुढे घेणार नाही, असे अर्जदाराने लिहून द्यावे. खाली सुमारे ३० नावे होती. डोकेदुखीचे टायलेनॉल होते, ॲस्पिरिन होते, आयबुप्रोफेन होते. पोटासाठी पेप्टो-बिस्मॉल आणि टम्स, सर्दीसाठी सुडाफेड, खाज सुटल्यास बेनाड्रिल. एका कागदाने घरातले औषधांचे अख्खे कपाट बहिष्कृत झाले. चातुर्मासात कांदा वर्ज्य करणाऱ्या गृहस्थाला खानावळीतल्या रश्श्यात काय काय पडते हे कोणी विचारू नये, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. त्या रुग्णालयाने तो मोडला. चालकांच्या चातुर्याचे मला कौतुक वाटते, पण त्यांच्या तर्कशास्त्राचे वाटत नाही. मनुष्याची श्रद्धा प्रत्येक बाबतीत सुसंगत असली पाहिजे, अशी अट घातली तर ती श्रद्धाळूंपैकी कोणालाच पाळता यावयाची नाही, आणि अश्रद्धांनाही नाही.

तथापि लेखी संप्रदायातील खरे रत्न वेस्ट व्हर्जिनियातील एका कोळशाच्या खाणीत सापडते. जवळजवळ चाळीस वर्षे इमानाने राबलेला एक वयस्क कामगार तेथे होता. २०१२ साली कंपनीने हजेरीसाठी हाताचा पंजा वाचणारे यंत्र बसविले. आपल्याकडील कचेऱ्यांत आता सर्वत्र ‘थंब’ लागतो, मेंदी काढलेल्या बोटांना यंत्र ओळखत नाही, आणि दाराशी पाचजण अंगठे चोळत उभे असतात, हे दृश्य वाचकांच्या परिचयाचे आहेच. या गृहस्थाची अडचण निराळी होती. बायबलाच्या अखेरच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, ज्या श्वापदाच्या खुणेचा उल्लेख आहे, तिच्याशी या यंत्राचा संबंध पोचतो, असे त्याला वाटत होते. आणि ती खूण स्वीकारणाऱ्याची गती काय होते, हेही त्याने वाचलेले होते. त्याने नम्रपणे सांगितले की, पूर्वीप्रमाणे वहीत नोंद करीन, मुकादमाकडे हजेरी देईन, पण पंजा ठेवणार नाही.

यावर कंपनीने त्याच्यापुढे एक पत्र ठेवले. ते कोणा धर्मपंडिताचे नव्हते. यंत्र विकणाऱ्या कंपनीचे होते. त्या पत्रात यंत्रविक्रेत्याने प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायावर भाष्य केले असून असा सिद्धान्त मांडला होता की, श्वापदाची खूण उजव्या हातावर अथवा कपाळावर होते असे शास्त्रवचन आहे. सबब शंका असणाऱ्यांनी डावा हात, तळवा वर करून, यंत्रात घालावा. इतकेच नव्हे, तर प्रस्तुत यंत्र श्वापदाची खूण प्रदान करीत नाही, असे आश्वासनही शेवटी दिले होते. विजेच्या वस्तूंबरोबर हमीपत्रे येतात, त्यांत मोटार जळाल्यास बदलून मिळेल वगैरे मजकूर असतो. परंतु ग्राहकाच्या मोक्षाविषयी हमी देणारा हा यंत्रशास्त्राच्या इतिहासातील पहिलाच कारखानदार असावा. कंपनीला वाटले, प्रश्न मिटला. पण डावा हात झाला तरी तो आपलाच आहे, असे त्या म्हाताऱ्याला वाटत होते, आणि नरकाच्या दारात डाव्या हातांची रांग वेगळी असते, असा आधार त्याला कोठे सापडत नव्हता. अखेर शिक्षेची धमकी आल्यावर त्याने मनाविरुद्ध निवृत्ती पत्करली.

पुढे खटल्यात जे बाहेर आले ते ऐकण्यासारखे आहे. त्याच कंपनीत दोन कामगारांच्या हातांना इजा झालेली होती. त्यांना यंत्रावर पंजा ठेवता येत नव्हता, म्हणून कंपनीने त्यांच्यासाठी यंत्राला जोडलेल्या बटणांवर आपला क्रमांक दाबण्याची सोय केली होती. त्या सोयीला जादा खर्च येत नव्हता. हाताला जखम असेल तर बटण, मनाला असेल तर डावा हात, असा कंपनीचा धर्मनिर्णय होता. ज्यूरीला तो पटला नाही, वरिष्ठ न्यायालयालाही पटला नाही. आणि अर्जदाराने शास्त्राचा अर्थ बरोबर लावला की चूक हे ठरविणे मालकाचे काम नव्हे, असे २०१७ साली बजावून त्या न्यायालयाने सुमारे ५,८६,००० डॉलरांची भरपाई कायम केली. बटणे फुकट होती.

या प्रकरणात सर्वांत अढळ श्रद्धा कोणाची, असा प्रश्न मी स्वतःशी पुष्कळदा घोळविला आहे. म्हाताऱ्याला निदान पर्याय मान्य होते. ज्याला कोणताच पर्याय मान्य नव्हता, ज्याने फायद्यातोट्याचा विचार मनाला शिवू दिला नाही, ज्याने आपल्या आचारासाठी लाखो डॉलरांवर निर्विकारपणे पाणी सोडले, तो खरा भाविक म्हणजे ते कार्यालय. नियम हा त्याचा देव, परिपत्रक ही त्याची पोथी, आणि ‘एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल’ हा त्याचा महामंत्र. या मंत्राचा जप जगातील सर्व कचेऱ्यांत अहोरात्र चालतो, आणि त्याची प्रामाणिकता तपासण्यासाठी कोणी कधी नमुना भरून घेत नाही.

या भक्तीची किंमत नेहमी डॉलरांतच चुकती होते असे नाही. मद्रास इलाख्याचे सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक यांच्या मनात शिपायांनी एकसारखे दिसावे असे आले. तेव्हा दाढ्या काढा, कवायतीला गंध लावून येऊ नका, कानातली भिकबाळी उतरवा, आणि चामड्याचा तुरा असलेले नवे शिरोभूषण घाला, असे हुकूम सुटले. ज्यांनी हरकत घेतली त्यांना फटके मिळाले. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले आणि त्यात दोन्हीकडची मिळून शेकडो माणसे मेली. बंडाला टिपू सुलतानाच्या पुत्रांच्या त्या किल्ल्यातील वास्तव्यासारखी दुसरीही कारणे होती. परंतु नंतर हुकूम मागे घेतले गेले, आणि क्रॅडॉक व गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक या दोघांना विलायतेस परत बोलावले गेले, यावरून तुऱ्याचे वजन कंपनी सरकारच्या ध्यानात आले असावे.

इंग्रजांना यातून शहाणपण आले नाही असे नाही. ते हप्त्याहप्त्याने आले. पगडी घालणाऱ्या शिखाला मोटारसायकलीवर शिरस्त्राण नको, हे त्यांच्या संसदेने १९७६ साली मान्य केले. इमारतीच्या बांधकामावरही नको, हे १९८९ साली मान्य केले. उरलेल्या बहुतेक कामाच्या जागी ते नको, हे उमगण्यास २०१५ साल उजाडले. म्हणजे मधली पंचवीस-सव्वीस वर्षे तोच मनुष्य तीच पगडी घालून परांचीवर चढला तर कायदा त्याच्या पाठीशी उभा असे, आणि खाली उतरून शेजारच्या गुदामात शिरला की कायदा बाहेरच थांबे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १२९ व्या कलमात मोटारसायकलीपुरती ही सूट एकदाच देऊन टाकली आणि अर्ज मागविले नाहीत.

अर्ज न मागविता सूट देण्याचे याहून थोर उदाहरण मात्र मुंबईच्या गिरणगावात घडलेले आहे. त्याचे मोल कळावे म्हणून आधी अमेरिकेतील रविवार पाहू. पेनसिल्वेनियातील एका टपालवाल्याला आपल्या पंथाप्रमाणे रविवार पाळावयाचा होता. खात्याने ॲमेझॉनची पार्सले रविवारी वाटण्याचा करार केल्यामुळे त्याची नोकरी संकटात आली, आणि केवळ रविवारी घरी बसण्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १९७७ पासून तेथे असा दंडक चालत आला होता की, किरकोळीपेक्षा जरा जरी जास्त तोशीस लागत असेल तर मालकाने नाही म्हणावे. जून २०२३ मध्ये न्यायालयाने एकमताने ठरविले की, एवढ्याने भागणार नाही, धंद्याला खर्चाचा भरीव बोजा पडतो असे मालकाने दाखवून दिले पाहिजे. आणि इतके सांगून त्याचे प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवून दिले.

आपल्याकडे सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, कारण साहेबाला चर्चमध्ये जावे लागे. गिरण्यांतील भोंग्याला मात्र कोणताच वार ठाऊक नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे ज्योतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांची दरखास्त तयार केली आणि तीत आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मागितली. रविवारच का? तर त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे सांगितले जाते की, रविवार हा खंडोबाचा वार आहे. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली.

या युक्तिवादाची थोरवी पाहावी. कामगारांत खंडोबाचे कुळाचार पाळणारे पुष्कळ होते, तसे न पाळणारेही होते. मुसलमान होते, ज्यांचा वार शुक्रवार. पण मालकांनी जेजुरीच्या पुजाऱ्याचा दाखला मागितला नाही, ‘आपण मल्हारीची तळी केव्हापासून भरता?’ असा रकाना छापला नाही, आणि एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल या भीतीने ते अडून बसले नाहीत. त्यांनी सगळ्यांनाच दिले. कोणाची श्रद्धा किती खोल हे मोजण्याची गरजच त्यामुळे उरली नाही. सवलत मुठीत आवळून धरली की भक्तांची परीक्षा घ्यावी लागते, आणि परीक्षा आली की उत्तरे पाठ करणारे भक्त पैदा होतात; सवलत मोकळी सोडली तर ढोंग्याला ढोंग करण्याचे कारण उरत नाही आणि भाविकाला कारकुनापुढे आपले हृदय उघडून दाखवावे लागत नाही. खाणीतील ती बटणे सर्वांसाठी खुली असती, तर श्वापदाचा विषय म्हाताऱ्याने घरी बायकोजवळ काढला असता आणि कंपनीला तो कधी कळलाही नसता.

अशाने आळशी लोकांचे फावेल, अशी शंका काही कर्तव्यदक्ष अधिकारी काढतील. फावेलच; गेली सव्वाशेहून अधिक वर्षे ते दर रविवारी फावतेच आहे. खंडोबाच्या नावाने मिळालेल्या त्या सुट्टीत जेजुरीला जाणारे जातात, मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे राहणारे उभे राहतात, आणि उरलेले दहा वाजेपर्यंत तोंडावर पांघरूण घेऊन घोरतात. पण आपल्या वारी झोपून राहिलेल्या एकाही गृहस्थाकडे खंडोबाने आजवर खुलासा मागविल्याचे कोणत्याही दफ्तरात नमूद नाही.